विली फॉस्टर : एकाच दिवशी दोन निर्णायक सामने जिंकणारा डावखुरा

मैदानवेडा

१९२६ चा सप्टेंबर संपत आला होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल स्पर्धेच्या, म्हणजे निग्रो नॅशनल लीगच्या, विजेतेपदाची मालिका शिकागोत शेवटच्या दिवसावर येऊन ठेपली होती. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे चार विजय, शिकागो अमेरिकन जायंट्सचे तीन. पाचवा विजय ज्याचा, विजेतेपद त्याचं. त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते. मोनार्क्सना त्यातला एक पुरेसा होता, जायंट्सना दोन्ही हवे होते.

पहिल्या सामन्याला जायंट्सकडून उतरला विली फॉस्टर, बावीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू. समोर मोनार्क्सचा बुलेट रोगन. हा रोगन उत्तम पिचर तर होताच, पण बॅट घेऊनही सामना फिरवायचा. फॉस्टरने एकही धाव दिली नाही. १-०. मग दुसऱ्या सामन्याची तयारी सुरू झाली, तर पुन्हा फॉस्टरच हात मोकळा करायला लागला. ते बघून रोगननेही दुसरा सामना स्वतःकडेच घेतला, असं सांगतात. तो सामना पाच इनिंगचा झाला. फॉस्टरने त्यातही एकही धाव दिली नाही. ५-०.

आजच्या काळात सुरुवातीचा पिचर एकदा खेळला की चार-पाच दिवस विश्रांती घेतो. हा माणूस एका दुपारी दोन वेळा उतरला, तेही मालिका हातातून निसटण्याच्या बेतात असताना, आणि समोरच्या संघाला भोपळा फोडू दिला नाही. पुढे कृष्णवर्णीय लीगांच्या विजेत्यांमधल्या वर्ल्ड सिरीजमध्ये अटलांटिक सिटीच्या बॅकरॅक जायंट्सशी गाठ पडली. दोन सामने बरोबरीत सुटल्यामुळे ती मालिका अकरा सामने चालली. शेवटच्या सामन्यात फॉस्टरने बॅकरॅकच्या ह्युबर्ट लॉकहार्टला पुन्हा १-० ने हरवलं.

हे सगळं गोऱ्यांच्या मेजर लीगबाहेर, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेबाहेर, घडत होतं. कृष्णवर्णीय खेळाडूला घ्यायचं नाही असा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत ते पाळलं. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा फॉस्टर बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा खेळ संपून दहाएक वर्षं झाली होती.

आपल्याकडे रॉबिन्सन माहीत असतो, फार तर कृष्णवर्णीय लीगमधला पिचर सॅचेल पेज. फॉस्टरचं नाव आलंच तर 'रूब फॉस्टरचा भाऊ' म्हणून येतं. मला ते खटकतं. रूब मोठा माणूस होता यात वादच नाही. १९२० मध्ये कॅन्सस सिटीच्या वायएमसीएत इतर मालकांना एकत्र बसवून त्याने ही लीग उभी केली. पण विलीचं मोठेपण त्याचं स्वतःचं आहे. त्या बाजूने बोलावं म्हणून हा धागा.

गोदाकाठ

फार छान लिहिलंय. बेसबॉल मला जेमतेम कळतो, म्हणून एक प्राथमिक शंका. क्रिकेटमध्ये डावखुऱ्या गोलंदाजाचा कोन वेगळा पडतो. बेसबॉलमध्ये डावखुरा असण्याचा नेमका फायदा काय?

मैदानवेडा

गोदाकाठ, दोन मुख्य फायदे.

पहिला, डावखुरा पिचर चेंडू टाकायला आडवा उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड फर्स्ट बेसकडे असतं. तिथला धावपटू दुसऱ्या बेसकडे सटकायच्या विचारात असेल तर तो सरळ नजरेसमोर असतो. उजव्या हाताच्या पिचरची त्याच्याकडे पाठ असते. कृष्णवर्णीय लीगमध्ये पळून बेस चोरणं हा खेळाचा गाभा होता, त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती.

दुसरा, डावखुऱ्या बॅटरला डावखुऱ्याचा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, बाहेर जात जातो आणि बॅट पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

फॉस्टरची खरी ताकद मात्र तिसरीच. डेव्ह मॅलार्चर, म्हणजे १९२६ मध्ये जायंट्सचा मॅनेजर झालेला थर्ड बेसमन, त्याच्याबद्दल सांगायचा की वेग जबरदस्त, कर्व्ह झटकन वळणारा, खाली पडणारा चेंडूही हातात, पण कमाल होती ती वेग बदलण्यात. एक सणसणीत चेंडू. मग तीच हाताची फेक, तोच खांदा, पण चेंडू थोडा हळू. पुन्हा तीच फेक, आणखी हळू. बॅटरने त्या हळू चेंडूशी जुळवून घेतलं की तशाच फेकीतून पुन्हा वेगवान. हातावरून काहीच ओळखू येत नसे. सगळे चेंडू एकाच फेकीतून काढायचे, हा धडा रूबने दिलेला. विलीला तो सुरुवातीला जाच वाटला होता.

तिरकी_नजर

लेख आवडला. पण एक रास्त शंका आहे. १९२६ मध्ये सलग २३ आणि एकूण २६ विजय असे आकडे त्याच्या नावावर वाचलेत. त्यात गावोगावच्या अर्ध-व्यावसायिक संघांविरुद्धचे सामनेही धरलेले असतात ना? मग त्यांची तुलना मेजर लीगच्या आकड्यांशी कशी करायची?

शिकागोकर

तिरकी_नजर, शंका बरोबर आहे. मी इथे शिकागोत राहतो आणि जुन्या बेसबॉलचा नाद आहे, म्हणून थोडं लिहितो.

या संघांचं पोट लीगच्या सामन्यांवर भरत नसे. शनिवार-रविवारी लीग, आणि आठवड्यात बस किंवा रेल्वे पकडून जिथे प्रेक्षक मिळतील तिथे. गिरणीचा संघ, गावचा संघ, कुणीही समोर. या सगळ्याची नोंद फार विस्कळीत राहिली. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरिअर ही कृष्णवर्णीयांची साप्ताहिकं बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकडेवारीचा तक्ता, छापायची, पण बाहेरगावी मंगळवारी झालेल्या सामन्याचा स्कोअर संघाने पाठवला तर छापून यायचा, नाहीतर गेला. गोऱ्यांची दैनिकं क्वचितच दखल घ्यायची. पुढे संशोधकांनी मायक्रोफिल्म चाळून एकेक बॉक्स स्कोअर जुळवला आणि लीगचे सामने वेगळे काढले.

म्हणून माझं मत असं, की २६ चा आकडा बाजूला ठेवा. मोनार्क्सविरुद्धचे ते दोन सामने आणि बॅकरॅकविरुद्धचा शेवटचा सामना लीगच्या सर्वोच्च पातळीवरचे आहेत. त्यांत कुणी गिरणीवाला नव्हता.

मैदानवेडा

शिकागोकर, मनापासून आभार. यात भर म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात कृष्णवर्णीय लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. त्यामुळे कृष्णवर्णीय लीगचा बॅटर जॉश गिबसन कारकिर्दीतल्या ०.३७२ च्या फलंदाजी सरासरीने मेजर लीगच्या टाय कॉबच्या वर गेला. धरलेत ते फक्त लीगचे सामने.

आकडे कमी आहेत ही तक्रार मी अनेकदा ऐकतो. सामने कमी का? कारण स्वतःची मैदानं बहुतेकांकडे नव्हती, भाड्याने घेतलेल्या मैदानावर मालकाचा संघ बाहेरगावी असेल तेव्हाच तारीख मिळायची. नोंदी कमी का? कारण नोंद ठेवणारी वर्तमानपत्रं त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हती. ज्यांनी दार बंद केलं त्यांच्याच मापाने आत न आलेल्याला मोजायचं, हे मला पटत नाही.

अनुजा_के

रूब आणि विलीच्या नात्याबद्दल सविस्तर लिहाल का? सावत्र भाऊ होते ना?

मैदानवेडा

हो अनुजाताई. वडील एक, आया वेगळ्या. दोघांचा जन्म टेक्सासमधल्या कॅल्व्हर्टचा, रूब १८७९ चा आणि विली १२ जून १९०४ चा. म्हणजे पंचवीस वर्षांचं अंतर, जवळजवळ बाप-लेकाइतकं. विली लहान असतानाच आई गेली आणि आजी-आजोबांनी त्याला मिसिसिपीत वाढवलं. त्यामुळे भावाचा सहवास असा मिळालाच नाही.

१९१८ मध्ये विली शिकागोला आला. तेव्हा दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेच्या शहरांत येत होती आणि शिकागोत काम मिळायचं ते कत्तलखान्यांच्या आवारात. त्यानेही तिथेच काम धरलं आणि भावाकडे संघात जागा मागितली. रूबने नाही म्हणून सांगितलं. विली मिसिसिपीला परतला.

१९२३ मध्ये त्याने मेम्फिस रेड सॉक्सकडून खेळायला सुरुवात केली आणि चांगलं चाललं होतं. आता मात्र रूबला तो हवा झाला. लीगचा अध्यक्ष म्हणून आपलं वजन वापरून त्याने मेम्फिसच्या मालकाला विलीला शिकागोला पाठवायला लावलं. विलीच्या मनात याची अढी बसली. गरज होती तेव्हा दार लावलं, आणि मी माझ्या पायावर उभा राहिलो तर हाताला धरून ओढत नेलं, असं त्याला वाटत राहिलं.

नाशिकचा_राजू

एक मिनिट. १९१८ मध्ये विली चौदा वर्षांचा! रूबने नाही म्हटलं ते बरोबरच केलं. चौदा वर्षांच्या पोराला व्यावसायिक संघात, त्या प्रवासात, त्या हॉटेलांत कोण नेईल? मोठा भाऊ म्हणून मीही घरी जा, शाळा कर, असंच म्हटलं असतं.

अनुजा_के

नाही म्हणणं वेगळं आणि कसं म्हणणं वेगळं, राजूदादा. आई नाही, वडील दूर, एवढा प्रवास करून पोरगं एकटं आलंय. आणि मग मेम्फिसहून आणताना तरी त्याला विचारायचं की नाही? मालकाशी परस्पर बोलणं झालं. म्हणून मला विलीची अढी समजते.

मैदानवेडा

दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण पुढचा भाग ऐका, तो फार अवघड आहे.

रूब संघावर घट्ट पकड ठेवून असायचा. बाकावर बसून पाइपच्या हालचालींनी खुणा करायचा. विलीच्या पिचिंगमध्येही त्याने लक्ष घातलं. वेग, कर्व्ह, हळू चेंडू, सगळं एकाच फेकीतून यायला हवं, हे त्याने घोटून घेतलं. विली कुरकुरला, पण शिकला. आणि हे शिकणं पूर्ण फळाला आलं १९२६ मध्ये, नेमकं त्याच वर्षी रूबचं मन ढासळलं. त्याला इलिनॉयमधल्या कॅन्ककीच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि मॅलार्चरने संघ हाती घेतला. वर सांगितलेला तो दिवस रूबला मैदानावर बघायला मिळाला नाही. तो पुन्हा कधी बेसबॉलमध्ये परतलाही नाही. ९ डिसेंबर १९३० ला कॅन्ककीतच गेला. त्याच वर्षी जायंट्सचा मॅनेजर विली होता.

भावाबद्दलच्या अढीचं पुढे काय झालं यावर मी तर्क करत नाही. पण शिकवलेलं त्याने सोडलं नाही, एवढं खेळात दिसतं.

बखरकार

धागा वाचताना सारखे बाळू पालवणकर आठवत होते. तेही डावखुरे. धारवाडचा जन्म, पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर मैदानाची कामं, कॅप्टन ग्रेगला सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी. मग हिंदूंच्या संघात जागा मिळाली, पण चहाला वेगळं भांडं आणि पॅव्हेलियनबाहेर बसणं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराहून जास्त बळी. तरीही हिंदूंचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

मैदानवेडा

बखरकार, बरं झालं हे काढलंत. एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. बाळूंना संघात घेतलं आणि संघाच्या आत वेगळं बसवलं. फॉस्टरला संघातच घेतलं नाही. त्यामुळे बाळूंच्या वाट्याला रोजचा अपमान सहकाऱ्यांकडून आला. फॉस्टरचे सहकारी, मॅनेजर, प्रेक्षक, वार्ताहर सगळे आपले होते. भिंत बाहेर होती. त्या भिंतीच्या आत त्यांनी मालक, संघ, वर्तमानपत्रं, निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना असं सगळं स्वतःचं उभं केलं. म्हणूनच फॉस्टरला केवळ अन्याय सोसलेला माणूस म्हणून बघितलं की अर्धाच दिसतो.

शिकागोकर

ऑल-स्टारचा विषय निघालाच आहे तर तो सामना आमच्या गावचा!

१० सप्टेंबर १९३३, कोमिस्की पार्क. पहिला ईस्ट-वेस्ट सामना. कल्पना पिट्सबर्गच्या गस ग्रीनलीच्या पुढाकारातून आली आणि खेळाडू वाचकांच्या मतांनी निवडले होते, मतपत्रिका वर्तमानपत्रांत छापायचे. सगळ्यांत जास्त मतं कुणाला? विली फॉस्टरला, ४०,६३७. पेज, गिबसन, चार्लस्टन सगळे त्याच्या मागे.

आणि सामन्यात वेस्टकडून त्याने सगळ्या नऊ इनिंग टाकल्या. ईस्टच्या संघात ऑस्कर चार्लस्टन, कूल पापा बेल, जॉश गिबसन अशी मंडळी. वेस्ट ११-७ ने जिंकलं. म्यूल सटल्सने त्या सामन्यातला, म्हणजेच या परंपरेतला पहिला होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला. सात धावा दिल्या म्हणून कुणी नाक मुरडेल, पण ईस्ट-वेस्ट सामन्यात पूर्ण सामना टाकणारा पिचर पुन्हा झाला नाही.

जायंट्सचं जुनं मैदान ३९ वा रस्ता आणि वेंटवर्थच्या कोपऱ्यावर होतं. आधी तिथे शिकागोचा मेजर लीग संघ व्हाइट सॉक्स खेळायचा. तो नव्या कोमिस्की पार्कात गेल्यावर रूबच्या संघाने ते घेतलं. आता तिथे वेंटवर्थ गार्डन्स ही सरकारी वसाहत आहे. व्हाइट सॉक्सचं आजचं मैदान तिथून चालत जाण्याइतकं जवळ, ३५ व्या रस्त्यावर.

तिरकी_नजर

शिकागोकर, मैदानवेडा, दोघांचे आभार, आकड्यांचं उत्तर समाधानकारक आहे. गोऱ्या खेळाडूंशी तो कधी खेळला का? म्हणजे थेट तुलना करता येईल असं काही?

मैदानवेडा

खेळला. मेजर लीगचा मोसम संपला की गोरे खेळाडू जादा पैशांसाठी संघ बांधून कृष्णवर्णीय संघांशी सामने खेळायचे. १९२९ मध्ये शिकागोत जायंट्सची गाठ मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगच्या निवडक खेळाडूंशी पडली. चार्ली गेरिंजर, हायनी मॅनुश असे तगडे बॅटर त्यात होते. पहिल्या वेळी त्यांनी फॉस्टरला चोपलं. पुढच्या वेळी फॉस्टरने त्यांची दाणादाण उडवली. नंतर गेरिंजर त्याला म्हणाला, की तुला पांढरा रंग लावता आला असता तर आत्ता या क्षणी तुझे दीड लाख डॉलर आले असते. हा किस्सा फॉस्टरच्या सांगण्यातून आलेला आहे.

गेरिंजरला ते कौतुक वाटलं असणार. ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? पंचवीस वर्षांचा, भर उमेदीतला पिचर, आणि समोरचा त्याला त्याची किंमत सांगतो, वर ती कधीच मिळणार नाही हेही सांगतो.

गोदाकाठ

वाचून गलबलून आलं. बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला त्याच्या हयातीत घेतलं का?

मैदानवेडा

नाही हो. हे मला सगळ्यांत जास्त लागतं.

१९६६ मध्ये मेजर लीगचा बॅटर टेड विल्यम्सने स्वतःच्या सत्काराच्या भाषणात पेज आणि गिबसन यांनाही इथे जागा मिळो असं म्हटलं. १९७१ मध्ये खास समिती नेमली, पेज पहिला निवडला गेला. १९७७ पर्यंत समितीने नऊ जण निवडले आणि काम आटोपलं. फॉस्टर त्या नवांत नव्हता. तो १६ सप्टेंबर १९७८ ला मिसिसिपीतल्या लॉर्मनमध्ये गेला. रूबची निवड १९८१ ची, विलीची १९९६ ची, म्हणजे मृत्यूनंतर अठरा वर्षांनी.

त्याचा शेवटचा काळ मात्र चांगला गेला असावा असं वाटतं. लॉर्मनजवळचं अल्कॉर्न हे कृष्णवर्णीयांसाठी १८७१ मध्ये निघालेलं महाविद्यालय. विली तिथेच शिकला होता. १९६० मध्ये तो तिथे बेसबॉलचा प्रशिक्षक आणि विद्यार्थ्यांचा डीन म्हणून परत गेला आणि जवळजवळ अखेरपर्यंत तेच करत राहिला. ज्या पोरांना त्याने शिकवलं त्यांच्यासाठी मेजर लीगचं दार उघडं होतं.

नाशिकचा_राजू

सुंदर धागा. वादाचा एक प्रश्न टाकतो. त्या लीगमधला सर्वोत्तम डावखुरा फॉस्टरच का? मी जॉन डोनाल्डसनचं नाव घेईन. मिसुरीतल्या ग्लासगोचा, १८९१ चा जन्म. गावोगाव फिरून खेळला आणि संशोधकांनी आत्तापर्यंत त्याचे चारशेहून जास्त विजय आणि पाच हजारांहून जास्त स्ट्राइकआउट (पिचरने बॅटरला थेट बाद करणं) शोधून काढलेत. १९४९ मध्ये व्हाइट सॉक्सने त्याला खेळाडू हेरण्याच्या कामावर घेतलं.

शिकागोकर

आणि स्लिम जोन्स? फिलाडेल्फिया स्टार्सचा उंच, सडपातळ पोरगा. १९३४ मध्ये यांकी स्टेडियमवर पेजविरुद्ध त्याचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला, अंधार पडल्यामुळे थांबवावा लागला. तो मोसम त्याने गाजवला. पण १९३८ मध्ये पंचविशीतच गेला. एका मोसमाचा विचार केला तर माझं मत जोन्सला.

मैदानवेडा

राजूभाऊ, डोनाल्डसनचा मलाही फार आदर आहे. पण त्याच्या उमेदीची वर्षं लीग निघण्याच्या आधीची, समोरचे संघ फार वेगवेगळ्या पातळीचे. जोन्सचा तो एक मोसम तेजस्वी होता, पण मोसम एकच. डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटीकडून खेळलेला अँडी कूपरही या यादीत हवा, तो २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

तरी मी फॉस्टरवरच ठाम आहे. १९२६ आणि १९२७ अशी सलग दोन वर्षं जायंट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, दोन्ही वेळा बॅकरॅकविरुद्ध, आणि संघाचा मुख्य पिचर तोच होता. सात वर्षांनंतरही वाचकांनी सगळ्यांत जास्त मतं त्यालाच दिली. ज्या सामन्यावर सगळं अवलंबून आहे तो सामना कुणाच्या हातात द्यायचा, असा प्रश्न असेल तर मला दुसरं नाव सुचत नाही.

नाशिकचा_राजू

निर्णायक सामन्यासाठी फॉस्टर, मान्य. पण पंचवीस-तीस वर्षं अनोळखी गावांत, रोज नव्या मैदानावर टिकून राहण्यासाठी डोनाल्डसन. त्याच्यावर मी वेगळा धागा काढतो, तिथे भांडू.